मावशींच्या मनगटावरची खूण

आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी देवाला कार्यक्रमपत्रिका दिली होती. छापील नव्हती, पण वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. कळा सुरू झाल्या की पहिलं गीत, दोन कडवी. कळा वाढल्या की प्रार्थना. अगदी शेवटी उपकारस्तुतीचं गीत, तिन्ही कडवी, आणि तिसऱ्या कडव्याला बाळाचा प्रवेश. पडदा. आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकांत मी देवदूतापासून दुष्ट हेरोद राजापर्यंत सगळ्या भूमिका केल्या होत्या. त्यामुळे कोणी कधी आणि कुठून प्रवेश घ्यायचा, याची मला नको इतकी जाण होती.

आज हे सांगताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा मात्र त्या वहीत माझा जीव अडकला होता. त्याच्या दोन वर्षं आधी आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतरच्या दिवसांत चर्चमधल्या एक वयस्कर बाई भेटायला आल्या, डझनभर केळी माझ्या हातात ठेवली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "विश्वास थोडा कमी पडला असेल गं. पुढच्या वेळी घट्ट धर हो." केळी घरच्यांनी खाल्ली. ते वाक्य मात्र माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. वाईट बाई नव्हत्या त्या. पण मी ते वाक्य खरं मानलं. देव वर बसून बायकांचा विश्वास तराजूत घालतो, आणि ज्यांचं पारडं हलकं भरतं त्यांची बाळं परत नेतो, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं. हे मी कोणाजवळ बोलले नाही. बोलले असते तर विश्वास कमी आहे हे उघड झालं नसतं का?

त्यात आमच्या घरात एक दंतकथा होती. आम्ही खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे सासरे, म्हणजे पप्पा, त्याच कारखान्यातून रिटायर झालेले, आणि आमचे हे त्याच कारखान्यात लागलेले. दर नाताळला जेवणं झाली की पप्पा खुर्ची पुढे ओढत आणि ह्यांच्या जन्माची गोष्ट सांगत. मिशनचं हॉस्पिटल, सकाळची वेळ, पप्पा व्हरांड्यात येरझाऱ्या घालतायत, आणि एकदम आतून गीताचे सूर येतात. "ही गात होती! कळा चालू, आणि ही गात होती! तिसऱ्या कडव्याला पोरगं रडलं." इथे पप्पांचे डोळे भरून येत, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताटं उचलून आत जात. मला वाटायचं, किती ही विनम्रता!

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, आईंसारखंच करायचं. गात गात बाळंत व्हायचं. विश्वासाच्या परीक्षेत या वेळी पैकीच्या पैकी. रोज दुपारी मी पलंगावर बसून गीतांचा सराव करायची. मी गायला लागले की आई उठून जायच्या. "कुकरची शिट्टी झाली वाटतं," म्हणायच्या. एकदा मी जाऊन पाहिलं, तर गॅसवर कुकरच नव्हता.

नववा महिना भरला आणि एका मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. ह्यांनी रिक्षा आणली, आई पिशव्या घेऊन शेजारी बसल्या. हॉस्पिटल तेच, ह्यांच्या जन्माचं. दारातच एक आया भेटली, पन्नाशीकडे झुकलेली, दणकट, कपाळावर आडवं कुंकू. सगळे तिला मावशी म्हणत. ती वारज्याची होती. घरची भातशेती असूनही तिने इथली नोकरी सोडली नव्हती. तिने माझा हात धरला, मग आईंकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. आईंनी झटकन पदर तोंडावर ओढून घेतला आणि मान खाली घातली. मला वाटलं, आईंची प्रार्थना सुरू झाली. केवढा माझा भोळेपणा!

लेबर रूममध्ये मी पत्रिकेप्रमाणे सुरुवात केली. पहिलं गीत, पहिलं कडवं, आवाजात भरपूर कंप. शेजारच्या पलंगावर कसबा पेठेतल्या एक बाई होत्या, तिसऱ्या खेपेच्या. त्यांनी पडद्याआडून विचारलं, "अहो, फर्माइशी घेता का?"

मी म्हटलं, "माफ करा, त्रास होतोय का?"

"नाही, गाणं छान आहे. फक्त सूर जरा खाली घ्या. आम्हीही इथे कामालाच आलोय." आणि तासाभरात त्या गाण्याबिण्याशिवाय एका मुलाला जन्म देऊन मोकळ्या झाल्या.

मी मात्र होते तिथेच होते. दहा वाजले, अकरा वाजले. दुसरं कडवं मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पहिली ओळही आठवेना. मग गाणं सोडून प्रार्थना सुरू केली, तर "हे प्रभू" याच्या पुढे शब्दच येईनात. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं सगळं कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकावं तसं झालं. ओरडायचं तर नव्हतंच. ओरडणं म्हणजे विश्वास सुटला. प्रत्येक कळेला मी दात आवळायची, मुठी आवळायची, सगळं अंगच आवळून धरायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळाचे ठोके थोडे मंदावलेत. तुम्ही सगळं धरून ठेवताय. अर्धा तास बघू, नाहीतर ऑपरेशन करू. घाबरू नका."

पण मला ऐकू आलं ते त्या केळीवाल्या बाईंचं वाक्य. पुन्हा कमी पडले. हेही बाळ माझ्यामुळेच जाणार. मी भिंतीकडे तोंड केलं आणि नुसतं "हे प्रभू, हे प्रभू" पुटपुटत रडायला लागले.

"काय पुटपुटतीस गं?" मावशींनी माझा चेहरा आपल्याकडे वळवला. "कवाधरनं बघतीया. वरडायच्या टायमाला व्हट दाबून धरतीस."

माझा बांध फुटला. "मावशी, मला गीत आठवत नाही. माझ्या सासूबाई इथेच गात गात बाळंत झाल्या. मला एक ओळ येत नाही. माझा विश्वास कमी पडतोय. माझं बाळ जाईल हो."

"सासू? ती भाईर बसलीया, हिरव्या पातळातली? खडकीची?"

"हो."

"आन ती गायली? कोन म्हनलं?"

"पप्पांनी ऐकलं. व्हरांड्यातून."

मावशींनी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मनगट माझ्या नाकासमोर धरलं. तिथे पांढुरक्या ठिपक्यांची एक कमान होती. "ही बघ. तुजी सासू हितं चावली मला. नवी लागले हुते, धा दिस झालते. हात धराय गेले, तर कचकन! इतक्या बाया बघितल्या, पर असली चावरी एकच. गानं? सकाळची येळ हुती, खाली नर्सांची प्रार्थना चालली हुती. गानं त्यांचं. तुजी सासू काय म्हनत हुती, ते मी या देवाच्या दवाखान्यात सांगनार न्हाई."

डॉक्टरीणबाई एकदम खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. मावशींनी दार उघडून हाक मारली, "अवो खडकीच्या बाई! या हिकडं. आन त्यो पदर काढा तोंडावरचा, कवाच वळखलंया म्या. सांगा सुनेला, काय गायलात ते."

आई दारात उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखं. "खरं आहे गं बाई," त्या म्हणाल्या. "मी गायले नाही. मी तुझ्या पप्पांना शिव्या दिल्या, त्यांच्या आईला दिल्या, आणि," इथे आवाज अगदी खाली आला, "चर्चच्या पाळकसाहेबांनाही एक दिली. तुझे पप्पा आत आले ते इतके आनंदात, म्हणाले, तू गात होतीस! मला त्यांचा आनंद मोडवेना. मग दर नाताळला ऐकताना मलाही बरं वाटायला लागलं. तू सराव करायचीस तेव्हा रोज सांगणार होते गं. जीभ रेटली नाही."

"आई, मग प्रार्थना?"

"कसली प्रार्थना! एकदाच म्हटलं, सोडव रे बाबा मला. तेही रागाने. आणि सोडवलं की त्याने."

मला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि तेवढ्यात कळ आली. मग ते हसणं आणि ती कळ मिळून माझ्या तोंडून जी आरोळी बाहेर पडली, तशी मी हेरोदाच्या भूमिकेतही कधी फोडली नव्हती. आमचे हे सांगतात, खालच्या झाडावरचे कावळे उडून गेले. पण या घरातल्या पुरुषांनी व्हरांड्यातून ऐकलेल्या गोष्टींवर मी आता फारसा भरवसा ठेवत नाही. मावशी म्हणत होत्या, "हां, आस्सं! सोड! सोड आता!" आणि मी सोडलं. मुठी, दात, वही, सगळंच सोडलं. दुपारी एकच्या सुमारास आमची लेक आली, आणि आली ती माझ्याहून मोठ्याने ओरडत. आई दाराला टेकून ढसाढसा रडल्या.

अंग सैल सोडलं म्हणून वाट मोकळी झाली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तसंच असेल. मला त्यात वाद घालायचा नाही. ऑपरेशन झालं असतं तरी ते हात मी प्रभूचेच मानले असते. मी एवढंच सांगते, की शिष्य थोमाला प्रभू पुन्हा उठल्याची शंका आली तेव्हा प्रभूने त्याला भाषण दिलं नाही, हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या. मला त्याने दातांच्या दाखवल्या. ज्याची जशी पात्रता!

त्या दुपारी लेकीला कुशीत घेऊन पडले असताना मला पहिलं बाळ आठवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासाठी अपराधी न वाटता रडले. ते माझ्या विश्वासाच्या कमतरतेने गेलं नव्हतं. ते का गेलं, हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असल्याचा आव आणणाऱ्यांपासून मी जरा लांबच बसते. पण ज्या हातांत मी ओरडत, विसरत, भीत भीत पडले होते आणि तरीही खाली पडले नव्हते, त्याच हातांत तेही आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं. विश्वास म्हणजे मी देवाला घट्ट धरायचं, असं मला वाटत होतं. माझी पकड तर अकरा वाजताच सुटली होती. त्याची सुटली नाही.

लेकीच्या बाप्तिस्म्याला मावशी वारज्याहून आल्या, हाताने शिवलेलं दुपटं आणि घरचे तांदूळ घेऊन. आईंनी त्यांना पहिल्या बाकावर स्वतःशेजारी बसवलं आणि पूर्ण उपासनाभर त्यांचा हात हातात धरून ठेवला. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "हात धरलाय खरा, पर माझं ध्यान हाय." त्या माउलीचे उपकार मी कशाने फेडू? माझ्यासाठी स्वर्गातून दूत आला तो नऊवारी नेसून, आणि त्याने मला गप्प नाही केलं, ओरडायला लावलं.

परवा आमच्या महिला संघातली एक मुलगी घरी आली होती. आठवा महिना, पहिलटकरीण, हातात वही आणि पेन. म्हणाली, "काकू, कळांच्या वेळी कोणती प्रार्थना म्हणायची ते सांगा ना, मी लिहून घेते." मी तिला चहा दिला, पायाखाली स्टूल दिलं, आणि म्हटलं, आधी खरं सांग, कशी आहेस? ती छान हसली, चर्चच्या दारात हसतात तसं. मी तिच्या हातातली वही मिटून बाजूला ठेवली. हळूहळू ते हसू ओघळलं.

"काकू," ती म्हणाली, "मला फार भीती वाटते."

"झालं की," मी म्हटलं. "हीच प्रार्थना. आता फक्त आमेन म्हण."