आगारीची नावं

ज्यांचं कामच लिहिण्याचं आहे त्यांनी मला आधी माफ करावं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. घरात कागद आला तर तो तलाठ्याकडून आलेला असायचा आणि तो वाचायला शेजारच्या मास्तरांना बोलवावं लागायचं. तेव्हा घरातली गोष्ट चारचौघांसमोर मांडण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते मला खरंच माहीत नाही. शिवाय ही गोष्ट माझ्यापेक्षा आईची जास्त आहे. तिनं ती लिहू दिली असती, असंही मला वाटत नाही.

नाशिकच्या कडेला आमचा लहानसा मळा होता. झेंडू, शेवंती, मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. वडील मी दहावीत असताना गेले. ते होते तोवर पितृपक्षात आगारी तेच टाकायचे. आगारी म्हणजे गोवरीच्या विस्तवावर तुपाबरोबर खीर-पुरीचा घास सोडायचा आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. एका नावाला एक घास. वडील सात पिढ्यांची नावं घ्यायचे, मध्ये कुठे न अडखळता. मी मागे उभा असायचो आणि माझं सगळं लक्ष वड्यांकडे असायचं. एकदाही नीट ऐकलं नाही.

ते गेल्यावर आगारी माझ्याकडे आली. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आणि मग मी म्हणायचो, "बाकीचे जे कोणी असतील ते." त्या वेळी मागे बसलेली आई घसा खाकरायची. पहिल्या वर्षी मला वाटलं धूर लागला असेल. दुसऱ्या वर्षी समजलं, तिला ती नावं माहीत आहेत. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ती ऐकत आली होती. पण सासरच्या पुरुषमाणसांची नावं ती तोंडानं घेणार नव्हती. आमच्यात बायका घेत नाहीत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आईच्या जिभेला जखम झाली. मिश्री लावायची सवय होती, तोंड येणं नेहमीचंच, म्हणून तिनं तीन महिने कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. मग मला एकट्याला बाहेर बोलावून म्हणाले, "जीभ काढावी लागेल. किती, ते आत गेल्यावर कळेल. बोलता येईल असं धरून चालू नका." ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. हातात नऊ दिवस होते.

मी वर्गातल्या एका मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आईला ओट्यावर बसवलं आणि म्हणालो, "तुला आठवतंय ते सगळं सांग." सुरुवातीला ती त्या यंत्राला लाजली. मग बोलायला लागली. बोलताना तिला दुखायचं, मध्येच थांबून ती पदरानं तोंड पुसायची. विहीर कशी खणली, काळा पाषाण लागल्यावर आजोबा तीन दिवस कसे जेवले नाहीत, नवी नवरी म्हणून तिला वणीला पायी कसं नेलं आणि गड चढताना चप्पल तुटल्यावर आजीनं स्वतःची काढून कशी दिली. दोन कॅसेट भरल्या. मी मात्र एकाच गोष्टीची वाट बघत होतो.

"आई, ती सात नावं सांग."

"ती कशी सांगू?"

"आता काय होतंय? आजी नाही, आजोबा नाहीत. कोण रागावणार आहे?"

"तुझ्या बापाचं नाव एकदाच घेतलं, उखाण्यात. ते बी सगळ्या बाया अडून बसल्या म्हणून."

"पण तू नाही सांगितलीस तर कोणालाच कळणार नाहीत."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं काय जातंय बाबा? त्यांच्यात जायचंय मला. काय तोंड घेऊन जाऊ?"

मग मी दुसरी वाट काढली. मी नावं घ्यायची आणि बरोबर आलं तर तिनं मान हलवायची. याला ती तयार झाली. मी देवांची नावं घेतली, वारांची घेतली, मूल जगावं म्हणून आपल्याकडे दगडाधोंड्यांची, केरकचऱ्याची नावं ठेवतात तीही घेतली. धाकटी बहीण शेजारी बसून हसत होती. "दादा, आता आंब्याची नावं घे," म्हणाली. आईसुद्धा हसली आणि लगेच कळवळून गाल धरला. त्या सगळ्या खटाटोपात एकदाच तिची मान हलली. पणजोबांचं नाव सापडलं. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडून मतदारयादी आणली आणि आमच्या वॉर्डातली सगळी नावं वाचली. आई प्रत्येक नावाला नाही म्हणत राहिली. शेवटी तिला त्रास होतोय हे दिसत असूनही मी वाचत होतो. बहिणीनं यादी माझ्या हातातून काढून घेतली.

सोमवारी आईला दवाखान्यात भरती केलं. संध्याकाळी तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. शब्द आता नीट उमटत नव्हते. "आत्याकडं जा," ती म्हणाली. "ती घरची लेक हाय. तिला नावं चालतात."

हे मला आधी का सुचलं नाही! लेकीला माहेरची नावं घ्यायला कसली बंदी? बहीण मात्र म्हणाली, "दादा, आत्ता नको जाऊ. ऑपरेशननंतर जा."

"गुरुवार आहे ना? मी उद्या जाऊन बुधवारी सकाळी येतो. राहिलेली दोन-तीन नावं आईकडून ताडून घेता येतील. नंतर कशी घेणार?"

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं मी निघालो. आत्याचं गाव लासलगावच्या पुढे. पोहोचलो तर आत्या दुसऱ्याच्या कांदा साठवायच्या चाळीवर निवडायला गेलेली. ती परत येईपर्यंत तिच्या ओसरीवर मी बसून राहिलो, मांडीवर वही घेऊन. चार वाजता ती आली आणि मला बघून तिनं आधी रडून घेतलं.

"वहिनीची जीभ कापत्यात? आरं देवा. लय गोड बोलायची रं."

मी नावांचं विचारलं. ती पटकन म्हणाली, "त्यात काय एवढं?" आणि आपल्या बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव असं मोठ्यानं घेतलं, की शेजारीण डोकावून गेली. तिचा पणजा म्हणजे माझा खापरपणजोबा, ते नाव माझ्यासाठी नवीन होतं. मी ते लिहिलं. आजोबांपासून तीन झाली.

"त्याच्या पुढचं?"

"पुढचं मला न्हाय ठावं. दहाव्या वर्षी लगीन झालं माझं. आगारीच्या वक्ताला मी हितं सासरी. माझा भाऊ टाकायचा आन् तुझी आई ऐकायची. तिलाच इचार की."

"ती नाव घेत नाही ना, आत्या."

"मग कसं रं व्हायाचं?" म्हणत ती चुलीकडे वळली.

सातांतली चार नावं राहिली होती. ती फक्त आईकडे होती. बुधवारचा सगळा दिवस आहे, असं मी मनाला सांगत होतो. मी पाया पडेन, शपथ घालीन, पण घ्यायला लावीनच.

दिवेलागणीला आत्याचा मुलगा घरी आला. तो मार्केटमध्ये हमाली करायचा आणि त्याच्या आडत्याच्या फोनचा नंबर मी बहिणीला देऊन ठेवला होता. तो दारातूनच म्हणाला, "तुझ्या बहिणीचा फोन दुपारीच येऊन गेला म्हणं. मुनीम आत्ता सांगतोय, लिलावात विसरला. ह्या नंबरवर लाव." हातात चिठ्ठी होती. मी फाट्यावरच्या एसटीडी बूथकडे पळत गेलो. नंबर दवाखान्यासमोरच्या मेडिकलचा होता. त्यांनी बहिणीला बोलावून आणलं.

"दादा, आईला सकाळीच आत नेलं."

"सकाळी? गुरुवार होता ना?"

"आजच्या पेशंटला ताप आला, म्हणून अकरा वाजता आईला घेतलं. झालंय ऑपरेशन. अजून गुंगीत आहे. आता धोका नाही म्हणाले." मग हळूच म्हणाली, "सगळीच काढावी लागली."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, नेताना तिनं नावं घेतली."

"कोणाची?"

"सगळ्यांची. आधी तुला बघत होती इकडं-तिकडं. मग माझा हात धरला आणि एकामागून एक सांगितली. बोबडी, पण सगळी. शेवटी बाबांचं."

"लिहिलीस?"

"पेन कुठं होतं? मी रडत होते, दादा. तो वॉर्डबॉय ढकलत होता."

"एखादं तरी आठवतं का? नीट आठव."

पलीकडून रिक्षांचे आवाज येत होते.

"बाबांचं," ती म्हणाली.