परकराच्या नाडीखालचा डाग

“सापडलं!” असं ती डॉक्टर पोरगी ओरडली, तेव्हा माझ्या परकराची नाडी तिच्या हातात होती आणि मी लाजेनं अर्धी झाले होते.

सापडला होता कमरेवरचा काळा, खपली धरलेला डाग. स्क्रब टायफस, ती म्हणाली. गवतात राहणारा बारीक किडा चावतो, तिथे अशी खपली धरते, मग ताप चढतो. कारंजा गावाजवळ आमची वांग्या-टमाट्यांची वाडी आहे. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत मीच कापते.

आठवडाभर ताप हटत नव्हता. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, घसरत चाललेल्या. श्वास लागायला लागला तसं आमच्या ह्यांनी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. अंगावर जखम आहे का, सगळ्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. नाडीचा वळ कोणत्या बाईला नसतो? त्याला काय जखम म्हणायचं! खोबरेल लावायचं अन् कामाला लागायचं.

ही पोरगी मात्र ऐकेना. पडदा ओढून नाडीच सोडली.

“तुले कसं सुचलं वं?”

“वाचलं होतं, काकू. एका डॉक्टरनं लेख लिहिला होता.” तिनं फोनवर फोटो दाखवला. कोण्या बाईची नुसती कंबर, त्यावर अस्साच डाग.

डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला. बायांनो, तुमचाही ताप हटत नसेल तर नाडीखाली बघा, आणि डॉक्टरला दाखवायला लाजू नका. न दुखणारी काळी खपली म्हणजे नाडीचा वळ नव्हे.

दवाखान्यातून सुटी व्हायच्या आधी ती पुन्हा आली. “काकू, तुमच्यावर लेख लिहू? डागाचा फोटो लागेल. नाव नाही, चेहरा नाही. छापून आला तर मलाही पुढे नोकरीत कामी येईल, खोटं कशाला बोलू?”

“म्हंजे माह्या तापावर तुही बढती व्हय!” मी म्हटलं. बिचारी लाल झाली.

हे मात्र भडकले. “बायकोच्या कमरेचा फोटो छापते का कोणी? काई नाई!”

मी फोनमधला तो फोटो पुन्हा मागून घेतला. कुठली कोण बाई, तिला मनोमन हात जोडले.

“अवो,” मी म्हटलं, “हिचा नवराबी असाच नाई म्हणला असता, तं आज तुम्ही माही तेरवी करून राह्यले असते.”

हे उठले, स्वतः पडदा ओढला आणि बाहेरून म्हणाले, “काढा म्याडम. पण साफ दिसला पाह्यजे.”