कानांनी गाडी चालवणारे डायवरकाका

आमच्या गल्लीत कुणाचा कूलर बिघडणार, हे घरच्यांच्या आधी डायवरकाकांना कळायचं. सकाळी काठी टेकत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारायचे आणि मधेच एखाद्या फाटकापाशी थांबून मान तिरकी करायचे. मग हाक मारून सांगायचे की तुमचा पंप आता फार दिवस काढत नाही. समोरच्या वकीलसाहेबांनी पहिल्यांदा हे हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी, अमरावतीच्या मे महिन्यात, भर दुपारी त्यांचा कूलर बंद पडला. पुढे नवी स्कूटर घ्यायची वेळ आली तेव्हा वकीलसाहेब काकांना दुकानात घेऊन गेले, आणि काकांनी चार गाड्या सुरू करायला लावून पाचवी पसंत केली. रंग कोणता ते त्यांनी विचारलंही नाही. विचारून उपयोग नव्हता. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा पूर्ण गेला होता आणि डाव्याला फक्त उजेड-अंधार कळत होता.

काका मूर्तिजापूरच्या छोट्या लाईनवर वाफेच्या इंजिनावर होते. आधी फायरमन, मग डायवर. कुणी ‘ड्रायव्हर’ म्हटलं की ते सांगायचे, तो ट्रकवर असतो, इंजिनावर डायवर असतो. निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते मूर्तिजापुरातच एकटे राहिले. डोळे गेले तेव्हा त्यांच्या मुलीने, अमरावतीत शाळेत शिकवणाऱ्या सुनंदाताईंनी, त्यांना आमच्या शेजारी आणलं.

मी व्हिडिओ गेम बनवते. कंपनी पुण्याची, पण टाळेबंदीत घरी आले ती इथेच राहिले. आईला अजूनही वाटतं की मी दिवसभर खेळते आणि त्याचा पगार घेते. त्या वर्षी आमचा गेम होता इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडातला. नायक सरकारी कागद घेऊन कापसाच्या गाडीवरून पळतो, शिपाई त्याच्या मागे. आगगाडीचं प्रकरण माझ्याकडे होतं. डब्यांच्या टपावरून धावणं, तलवारी, शेवटी इंजिनावर उडी. नायक डायवरला मारतो, गाडी थांबते, आणि तो खाली उभ्या असलेल्या घोड्यावर बसून पसार होतो. मला माझ्या कामाचा मोठा अभिमान होता.

एका दुपारी मी खिडकी उघडी टाकून हे प्रकरण तपासत होते. फाटक वाजलं. काका पायऱ्या चाचपत वर आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं,

“हे इंजिन कोनाचं हाये?”

मी सांगितलं, माझं, आत्ता चढावर आहे.

“आजारी हाये ते. चढावर चढून राहिलं अन् आवाज सपाटीचा येते.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं पुन्हा ऐकवलं. ते म्हणाले की हे इंजिन नव्हेच, दुसरंच काहीतरी आहे. मी पुण्याला आमच्या गेमच्या आवाजाचं काम करणाऱ्या मुलाला फोन लावला. बराच वेळ आढेवेढे घेऊन त्याने कबूल केलं की निम्मा आवाज त्याच्या घराजवळच्या पिठाच्या गिरणीचा आहे.

तेव्हापासून रोज चार वाजता काका येऊ लागले. आई चहा ठेवायची आणि मी माइक लावायची. भरलेली गाडी सुटताना कशी बोलते, रिकामी कशी, दव पडलेल्या रुळांवर चाक जागच्या जागी फिरलं की काय ऐकू येतं, हे सगळं ते तोंडाने आणि मांडीवर थापा मारून करून दाखवायचे. एकदा ते असे रंगात आलेले असताना पोस्टमन आला आणि पत्र न देता दारात उभं राहून गाडी स्टेशनात शिरेपर्यंत ऐकत राहिला. पुण्याच्या मुलाने काकांचे आवाज ऐकले आणि मुकाट्याने गिरणी काढून टाकली.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं, “आधी आगीचं जेवन, मंग आपलं.” फायरमनने डबा उघडण्याआधी भट्टीत कोळसा टाकायचा, असा त्याचा साधा अर्थ. पण ते तो नियम सगळीकडे लावायचे. माझ्या लॅपटॉपचं चार्जिंग उतरलं की ते चहाचा कप खाली ठेवायचे आणि मी वायर जोडेपर्यंत पुन्हा उचलायचे नाहीत. मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा.

असे दोन महिने मजेत गेले. मग एक दिवस मी त्यांना प्रकरणाचा शेवट ऐकवला. तलवारीचा आवाज, एक किंकाळी, आणि थांबलेली गाडी. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं की नायकाने डायवरला मारलं.

काकांनी कप खाली ठेवला. “डायवर मेला का गाडी थांबते, हे तुले कोनं सांगतलं?” एवढंच म्हणाले, काठी उचलली आणि अर्धा चहा टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी काहीतरी वेडंवाकडं बोलले असणार, असं आईने ठरवून टाकलं. पाचव्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. सुनंदाताई शाळेत होत्या. काका ओसरीवर बसले होते. मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत असावी अशा आवाजात, बोलायला लागले.

ते तेव्हा पंचविशीचे, फायरमन. त्यांचे डायवर रज्जाकभाई. काका त्यांना उस्ताद म्हणायचे. इंजिनावर पाय कुठे ठेवायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं होतं. एका सकाळी लाखपुरी स्टेशन सोडल्यावर उस्तादांनी छातीला हात लावला आणि ते खाली बसले. काकांनी वाफेचा दांडा हातात घेतला. मागे गाडीभर माणसं, दोन्ही बाजूंना कपाशी. तिथे थांबून उपयोग नव्हता, डॉक्टर होता तो दर्यापूरला. त्यांनी एकट्याने गाडी चालू ठेवली, आणि स्टेशनात आधीच कळावं म्हणून ते लांबून शिटी देत राहिले.

“पन मी उस्तादले पाह्यत राहिलो,” ते म्हणाले. “आगीकडं ध्यान नाही राहिलं. चढावर वाफ कमी पडली. गाडी पार रडत रडत गेली.”

दर्यापूर आलं तोवर उस्ताद गेले होते. फलाटावर उतरलेले एक गृहस्थ छत्री सावरत इंजिनाशी आले आणि गाडीला उशीर का झाला म्हणून विचारू लागले. काकांनी त्यांना सांगितलं की पाणी घ्यायला वेळ लागला.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लवकर पोहोचले असते तर उस्ताद वाचले असते का, हे कुणालाच माहीत नव्हतं. काका मात्र पन्नास वर्षं तेच मोजत बसले असावेत.

मी पुण्याला आमच्या प्रमुखांना फोन केला आणि शेवट बदलायचा आहे असं सांगितलं. ते वैतागले. लोक मारामारी करायला गेम घेतात, कोळसा टाकायला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याकडून तीन आठवडे मागून घेतले. नव्या प्रकरणात शिपायांची गोळी डायवरला लागते आणि गाडी धावत राहते. तलवार बाजूला ठेवून नायकाने भट्टी पेटती ठेवायची, पाण्यावर लक्ष ठेवायचं आणि गाडी पुढच्या स्टेशनात न्यायची. वाफ पडली की उशीर होतो, उशीर झाला की डायवर जातो. वेळेत पोहोचला तर वाचतो. आणि ही सगळी गाडी मी नुसती ऐकून चालवता येईल अशी बांधली. आग मंदावली की तिचा आवाज बदलतो, पाणी कमी झालं की त्याचा. प्रमुखांनी ते स्वतः खेळून पाहिलं, चार वेळा हरले, आणि व्हिडिओ कॉलवर घाम पुसत म्हणाले की ठेवा.

ज्या दिवशी ते पूर्ण झालं त्या दिवशी मी काकांना बोलावलं. त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि कोणतं बटण कशाचं ते बोटं धरून दाखवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पहिल्या खेपेला त्यांची बटणं चुकली आणि गाडी माळावरच थांबली. त्यांनी नुसती मान हलवली. मी पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या खेपेला ते खुर्चीच्या कडेला सरकले, डावा कान पुढे केला, आणि मग त्या खोलीत आम्ही दोघी त्यांच्या खिजगणतीत राहिलो नाही. चढ आला. आग किंचित मंद झाल्याचं मला पडद्यावर दिसायच्या आत त्यांनी कोळसा टाकला होता. शिटी दिली, आणखी दिली. गाडी एका दमात चढून गेली. मग फलाटाचा गलका, धावणारी पावलं, आणि वैद्याचा आवाज, की श्वास चालू आहे.

काकांनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला.

“वाचला?”

मी हो म्हटलं.

“नीट पाहून सांग.”

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दोन माणसं डायवरला आधार देऊन नेत होती आणि तो पाय टाकत होता. मी तसं सांगितलं. काकांनी थंड झालेला चहा पूर्ण संपवला, आईला नमस्कार केला आणि ते घरी गेले. त्यानंतरही ते रोज यायचे, वेगवेगळे आवाज तपासून द्यायचे, पण ते प्रकरण त्यांनी पुन्हा कधी लावायला सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन काका गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी गेम बाजारात आला. बऱ्यापैकी चालला. आगगाडीचं प्रकरण फार अवघड आहे अशा तक्रारी आल्या, तेव्हा प्रमुखांनी अवघड जागा सोप्या करायला सांगितल्या. मी बाकीच्या केल्या, तो चढ तसाच ठेवला.

उस्तादांची हकीकत सुनंदाताईंना ठाऊक नव्हती. वडिलांनी ती घरात कधीच काढली नव्हती. मी सांगितली तेव्हा त्यांनी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या आणि त्या म्हणाल्या की मला तो खेळ दाखव. आता दर रविवारी त्या आमच्याकडे येतात. याआधी आयुष्यात कधी कंट्रोलर धरलेला नव्हता, चष्मा सारखा घसरतो, आणि आई मधेच दह्यातला गिला वडा आणून ठेवते तो तसाच राहतो. मी शेजारी बसते, पण आता कोळसा टाका, आता पाणी बघा, असं काही सांगत नाही. त्यांनीच तशी ताकीद दिली आहे.

मागच्या रविवारी स्टेशन दिसायला लागलं होतं. तेवढ्यात वाफ पडली आणि गाडी फलाटाच्या अलीकडे उभी राहिली. ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.