मंदाताईंच्या भाकरी कोणी खाल्ल्या?

रिपोर्ट ९.१ आला. मी तो दोनदा वाचला, वरचं नाव तपासलं आणि तरीही लॅबमध्ये फोन लावला.

"मॅडम, सॅम्पल त्यांचंच आहे," लॅबमधली ज्योती म्हणाली. "सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही."

मी नागपुरातल्या एका डायबेटिस क्लिनिकमध्ये डाएटिशियन आहे. बावीस वर्षं लोकांच्या ताटात डोकावण्याचा पगार घेते. तो रिपोर्ट वासुदेव ढोबळे यांचा होता. वय सत्तेचाळीस, उमरेडजवळच्या कोळसा खाणीत डंपर ऑपरेटर. ही खाण ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी, मोठ्या खड्ड्यासारखी. डंपर म्हणजे त्यातून माती आणि कोळसा वर आणणारा राक्षसी ट्रक. त्याचा टायरच माणसापेक्षा उंच असतो आणि केबिनमध्ये जायला शिडी चढावी लागते.

रिपोर्ट होता एचबीएवनसीचा. रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटली आहे, ते ही टेस्ट मोजते. त्यावरून मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. सकाळची उपाशीपोटीची शुगर फक्त त्या सकाळचं सांगते. आदल्या दिवशी अर्धपोटी राहून लोक चांगला आकडा आणतात आणि आपण खूश होतो. एचबीएवनसीपुढे ही चलाखी चालत नाही.

वासुदेवभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा आकडा ९.४ होता. गोळ्यांसोबत मी आहार आणि व्यायाम लिहून दिला. तीन महिन्यांत निदान एक अंक उतरायला हवा होता. उतरला ०.३.

हा आकडा साधा नव्हता. खाणीच्या मेडिकलमध्ये त्यांना तीन महिन्यांचं टेम्पररी फिटनेस सर्टिफिकेट मिळालं होतं. एचबीएवनसी आठच्या खाली आलं तरच डंपर, नाहीतर खाली पाणी उपसणाऱ्या पंपाजवळ बसून मीटर बघायचं. इन्सुलिन सुरू झालं तरीही डंपर बंद. इन्सुलिन वाईट नाही, ज्याला लागतं त्याने ते घ्यायलाच हवं. पण त्याने कधी साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि एवढं धूड चालवणाऱ्याला चक्कर येऊन चालत नाही. नियम बरोबरच होता.

"मॅडम, वर बसलो का पुरी खाण दिसते," पहिल्या भेटीत वासुदेवभाऊ म्हणाले होते. "एकवीस वर्षं झाले. मले खाली नका उतरवू बस."

रिपोर्ट घेऊन मी आमच्या सरांकडे गेले. क्लिनिक त्यांचंच आहे, बोलणं मोजकं.

"इन्सुलिन सुरू करू," सर म्हणाले.

"सर, अजून तीन महिने द्या."

"दिले होते की."

"ही डायरी बघा ना. माणूस सगळं पाळतोय."

सरांनी डायरी चाळली. मी प्रत्येक पेशंटला खाण्याची डायरी लिहायला लावते. ही तर नमुनेदार होती. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात, एकही दिवस न चुकता. दुपार: ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची भाजी, बरबटीची म्हणजे चवळीची उसळ, ताक. ती डायरी मी दुसऱ्या पेशंटना आदर्श म्हणून दाखवत असे.

"मग साखर येते कुठून? आकाशातून?"

मी डायरी परत उघडली.

"सोमवारी बोलवा त्यांना," सर म्हणाले. "कारण सापडलं तर खाणीला तीन महिन्यांच्या मुदतवाढीचं पत्र देतो. नाही सापडलं तर इन्सुलिन. आणि तुम्ही पेशंटच्या बाजूने भांडू नका, शुगरच्या बाजूने विचार करा."

मला राग आला. बाहेर येऊन मी टेबलवर फाइल जरा जोरातच आपटली.

सोमवारी उमरेडच्या एसटीने तिघं आले. वासुदेवभाऊ, त्यांच्या पत्नी मंदाताई आणि शेषराव बावणे. शेषरावही त्याच खाणीत, त्याच शिफ्टमध्ये डंपर चालवतात. मित्राला धीर द्यायला आले होते.

मी उलटतपासणी सुरू केली. चहात साखर? नाही. रात्री भात? दोन चमचे. गोळ्या? वेळेवर. चालणं? शेषरावांसोबत रोज अर्धा तास. बाहेरचं खाणं?

"अजिबात नाई," मंदाताई म्हणाल्या. "चार वाजता उठतो मी मॅडम. भाकरी थापून डब्बा भरून देतो. डब्बा रोज साफ होऊन येते, धुवाची बी गरज नाई पडत."

वासुदेवभाऊ भिंतीवरच्या फळांच्या पोस्टरकडे बघत होते. मला ते दिसलं, पण काही सुचलं नाही.

तेवढ्यात शेषरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "मॅडम, आलोच हाओ त माहा बी पाहून घ्या. मले बी शुगर हाय थोडी. खाणीतल्या मेडिकलचा रिपोर्ट हाय."

मी पाहिला. आधीचा ८.२, आताचा ७.३. मी चष्मा पुसून परत पाहिला.

"शेषरावभाऊ, तुम्ही काय केलं?"

"काहीच नाई."

"डाएट?"

"छे! घरी सबन खातो. गोड बी खातो."

"व्यायाम?"

"याच्यासंगं फिरतो तेवढंच. डॉक्टर बी म्हणे, काय करून राहिले बाप्पा? मी म्हटलं, काही नाई करून राहिलो. दुपारी याचा डब्बा खातो अन् कामाले लागतो."

मी रिपोर्ट खाली ठेवला.

"कोणाचा डबा?" मी विचारलं.

"याचा. वासुदेवचा."

"आणि वासुदेवभाऊ?"

"तो माहा खाते," शेषराव सहज म्हणाले. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मंदाताई हळूहळू नवऱ्याकडे वळल्या. "तीन महिने," त्या म्हणाल्या, "तीन महिने चार वाजता उठून मी शेषराव भाऊजींसाठी भाकरी थापून राहिली होती?"

मग सगळं बाहेर आलं. खाणीत रेस्ट शेल्टर असतं, म्हणजे ऑपरेटर लोकांची जेवायची शेड. त्यांच्या शिफ्टला फार वर्षांपूर्वी एक फोरमन होते. त्यांनी घालून दिलेला नियम: आपला डबा आपण खायचा नाही, जोडीदाराचा खायचा. प्रत्येकाची जोडी ठरलेली. कोणाच्या डब्यात नुसती चटणी असली तरी त्याने मान खाली घालायला नको, कारण ती खाणार दुसराच आणि तो गुमान खाणार. फोरमन रिटायर झाले, नियम राहिला. सतरा वर्षं वासुदेव आणि शेषराव एकमेकांचे डबे खात होते. घरी दोघांनीही चकार शब्द काढला नव्हता. खाणीतली गोष्ट खाणीत.

शेषरावांच्या डब्यात काय असायचं? पांढऱ्या भाताचा डोंगर, आलूची रस्सा भाजी आणि साखर-तूप लावून गुंडाळलेल्या दोन पोळ्या. एवढं जेवून वासुदेवभाऊ शिडी चढून केबिनमध्ये जाणार आणि शिफ्ट संपेपर्यंत बसून राहणार. क्लिनिकमध्ये जेवणानंतरची शुगर तपासायला यायचे त्या दिवशी रजा, म्हणजे जेवण घरचं. आकडा चांगलाच यायचा.

"मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

"म्हटलं दोन टाइम त बरोबर खाऊन राहिलो. एका टाइमानं काय होते?" वासुदेवभाऊ पुटपुटले.

"मले त सांगाचं," शेषराव म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "काहून नाई सांगतलं गा?"

"काय सांगू? तुह्या घरचा डब्बा नोको म्हणू तुले?" वासुदेवभाऊंचे डोळे भरून आले. "माही माय गेली तवा तेरा दिवस तुह्या घरून दोन डब्बे आले. अन् आता मले शुगर हाय म्हणून तुह्या डब्ब्याले हात नाई लावू?"

शेषरावांनी त्यांचा हात धरला. मीही टेबलवरचं पेन उगाच इकडचं तिकडे केलं.

मग मी डायरीकडे पाहिलं. ते सुंदर निळं अक्षर मंदाताईंचं होतं. त्या घरी, नवरा खाणीत. दुपारी त्याने काय खाल्लं हे त्यांना कसं कळणार? त्यांनी डब्यात काय भरलं ते लिहिलं होतं आणि मी ते खाल्लं म्हणून वाचलं होतं. तीन महिने मी अक्षराचं कौतुक करत बसले. रागवायचं तर आधी माझ्यावरच रागवायला हवं होतं.

"आता सोपं आहे," मी म्हणाले. "उद्यापासून आपापला डबा खायचा."

पंपाजवळ बसावं लागेल हे माहीत असूनही वासुदेवभाऊ हो म्हणेनात. शेषराव म्हणाले, "मॅडम, पुऱ्या शेडसमोर जोडी तोडाची? लोक म्हणतीन, याइचं भांडण झालं."

तोड काढली मंदाताईंनी. तोवर त्यांचा राग निम्म्यावर आला होता. "जोडी काहून तोडता? भाऊजी, तुमच्या शोभाले बलावा. दोन्ही डब्बे सारखेच भरू. मंग कोनाचा बी कोनी खावो."

बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. सरांना कारण सांगितलं. ते आधी हसले, मग तीन महिन्यांच्या पत्रावर सही केली. "गोळ्या त्याच राहतील. ही शेवटची संधी," असं मात्र बजावलं.

गुरुवारी शेषरावांच्या पत्नी शोभाताई आल्या. सगळं ऐकून त्या थेट नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे सतरा वर्षं माह्या हातचा डब्बा हे खाऊन राहिले? अन् तुमी घरी येऊन म्हनता, आज भाजी मस्त झाली होती!"

शेषराव छताच्या पंख्याकडे पाहत राहिले.

दोघींना मी ताटाचा हिशेब शिकवला. अर्धा डबा भाजी, पाव भाग डाळ किंवा उसळ, पाव भाग भाकरी. भात हवा असेल तर भाकरी कमी करून. सोबत ताक आणि जवसाची चटणी. साखरेची पोळी बंद. जेवल्यावर लगेच केबिनमध्ये चढायचं नाही, शेडभोवती पंधरा मिनिटं चालायचं. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून एक चौक आधी उतरायचं. चालताना पायांच्या स्नायूंना साखर लागते, ती ते रक्तातूनच उचलतात. यापेक्षा मोठं शास्त्र त्यात नाही.

आणि डायरी वासुदेवभाऊंनी स्वतः लिहायची. आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर शुगर बघायची, गाडी उभी करून. ग्लुकोमीटर म्हणजे बोटाला टोचून थेंबभर रक्तावर शुगर सांगणारं छोटं मशीन. आकड्याचा फोटो मला पाठवायचा.

पहिला फोटो आला २३६. मग २१०. मग १९०. शेडमधले लोक त्यांच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याला "वरात निघाली" म्हणायचे. महिन्याभराने त्या वरातीत पाचजण झाले होते. नवीन डायरीचं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं होतं, वाचताना डोकं दुखायचं.

एका गुरुवारी एकदम २५१. मी फोन केला.

"बारसं होतं मॅडम साळ्याच्या घरी. बुंदी खाल्ली. तीन वाट्या. लिवलं हाय डायरीत."

खरंच लिहिलं होतं. मी त्यांना रागावायला हवं होतं, पण मला आनंद झाला. त्या डायरीत पहिल्यांदा खरं काहीतरी आलं होतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा ज्योतीने लॅबमधून फोन केला नाही, ती कागद घेऊन स्वतःच धावत आली. ७.४.

मी सरांना दाखवला. "हं," सर म्हणाले. सरांचा "हं" म्हणजे पुष्कळ झालं. खाणीतल्या मेडिकलनेही आठवड्याभरात फिट लिहून दिलं. आजार गेला नव्हता. चालणं, डबा, गोळ्या आणि तपासण्या चालूच राहणार होत्या. पण वासुदेवभाऊ शिडी चढून केबिनमध्येच बसणार होते.

हे सांगायला दोन्ही जोडपी आली ती नेमकी माझ्या जेवणाच्या सुट्टीत. पेढे नको, असं मी आधीच बजावलं होतं. मंदाताईंनी पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. भाकरी, अंबाडीची भाजी, बरबटीची उसळ.

"अहो, माझा डबा आहे की," मी म्हणाले.

"आपला डब्बा आपण खाचा नाई मॅडम," शेषराव म्हणाले आणि मी हात पुढे करायच्या आत माझा डबा ओढून उघडलाही.

आत आदल्या दिवशीची साबुदाण्याची उसळ होती. तुपातली, वर आलू, कडेला दोन गुळाच्या वड्या. चौघंही वाकून बघत राहिले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शेवटी वासुदेवभाऊंनी फार काळजीने विचारलं, "मॅडम, तुमचा जोडीदार कोन हाय?"

कोणीच नव्हतं. बावीस वर्षं मी टेबलवर फाइल उघडी ठेवून एकटीच जेवत आले होते.

त्यानंतर मी दोन बदल केले. पेशंटच्या फॉर्मवर "डब्यात काय असतं?" या प्रश्नाखाली "तो डबा कोण खातं?" हा प्रश्न घातला. बहुतेक लोक हसतात. काही हसत नाहीत, आणि मग मला खरी माहिती मिळते. दुसरा बदल म्हणजे ज्योती आता रोज माझा डबा खाते आणि मी तिचा. त्यामुळे मला सकाळी उठून भाजी करावी लागते.