मागील खोलीत आड

धारच्या जुन्या वस्तीत, बाजारचौकापासून हाकेच्या अंतरावर, मी आईसाठी घर घेतले. वडिलांच्या नोकरीपायी तिचे सारे संसारी आयुष्य देवासच्या कारखान्यांजवळ, भोंग्यांच्या तालावर गेले होते. वडील गेल्यावर तिने एकच गोष्ट मागितली, "जिथं जन्मले त्या गल्लीत शेवटचे दिवस काढू दे." तिचे माहेर केव्हाच पाडले गेले होते. तिथून तिसरे घर विकायला होते.

विकणारे भाऊ तिच्या बालपणीचे शेजारी. आपल्या आजोबांच्या काळचे मराठी वाटणीपत्र त्यांनी माझ्या हातात ठेवले. "ताई, घरात काय आहे, काय नाही, सगळं यात आहे. नीट वाचून घ्या. मागाहून म्हणाल, भाऊंनी सांगितलं नाही."

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणाली, "मोठ्यानं वाच."

"वाचलंय गं मी."

माझी शाळा हिंदीतली. कवितासुद्धा मी आधी हिंदीतच शिकले. मराठी घरात, कानांवाटे आली. लिपी एकच, म्हणून मराठी वाचता येते असा माझा समज होता, आणि त्याचा थोडा तोराही. कागदावर ओळ होती : 'मागील खोलीत आड, बुजविलेला.' हिंदीत आड़ म्हणजे आडोसा. पूर्वी तिथे आडभिंत असेल, तिच्यामागची पोकळी कुणी चिणून टाकली असेल, असे मी मनाशी ठरवले आणि पुढच्या ओळीकडे वळले.

मागील खोली आईला दिली. वैशाखातही तिथली फरशी माठाच्या पोटासारखी गार असे आणि भिंतींना चुन्याचा, मुरलेल्या ओलीचा वास येई. रोज सकाळी ती काठी टेकत खिडकीशी जाई. टक्, टक्, टक्. पलंगापाशी मात्र आवाज बदले. रिकाम्या घागरीवर बोट वाजवावे तसा.

"इथं पोकळ वाजतंय."

"जुनी फरशी आहे, आई."

"जुनी तर मीही आहे. मी वाजते का अशी?"

भाद्रपद सरता सरता, एका सकाळी मी चहा गाळत असताना मागून एक जड, ओलसर आवाज आला. धावत गेले. पलंगाचा एक पाय जमिनीत उतरला होता आणि त्या उतारावर आई पडली होती. केसांत माती, ओठांवर माती. ती ओरडली नव्हती. खुब्याचे हाड मोडले होते.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने फरशी उचलली. कोंडलेल्या पाण्याचा, शेवाळाचा वास वर आला. तो दोन पावले मागे सरला. "जीजी, ये तो कुआ है. किसी ने बताया नी?"

आईच्या जन्माआधीच बुजवलेला. गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो त्या कागदाला.

इस्पितळात मी ती ओळ आईला वाचून दाखवली. तोंडातून बाहेर पडल्यावरच तो शब्द मला ऐकू आला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार; माझ्या गणिताच्या प्रत्येक गुणपत्रिकेवर आई हेच म्हणत आली होती. विहिरीचा हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. शाईत दिसला तेव्हा ओळखला नाही.

"भाऊंनी फसवलं नाही," आई म्हणाली. मग, जराशाने, "मी म्हटलं होतं, मोठ्यानं वाच." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

आता आम्ही पुन्हा देवासला आहोत. ती पलंगावरून उठत नाही. पाळी बदलल्याचा भोंगा होतो तेव्हा तिच्या पापण्या किंचित मिटतात. धारची खोली दुरुस्त झाली त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले.

"आई, खोली तयार आहे."

"आड कशानं भरलास?"

"मुरूम घातला. पक्का ठोकून."

तिने चाचपत माझे मनगट शोधले. तिची बोटे त्या फरशीसारखी गार होती.

"त्यांनीही पक्काच भरला असेल," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवले. त्यानंतर तिने गल्लीचा विषय काढलेला नाही.