मामांची यूनानी तोप

दुबईत माणसं सोनं घ्यायला येतात, घरासाठी पैसा साठवायला येतात. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांची दगडफेक सुधारायला आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला.

मामा दुबईच्या देरा भागातल्या एका एसी कंपनीत ड्राफ्ट्समन होते. ग्रीक युद्धयंत्रांवरचं एक जाडजूड जुनं पुस्तक कुठूनसं त्यांच्या हाती लागलं आणि डक्टच्या ड्रॉइंगच्या कडेला दगडफेकी यंत्रं उगवू लागली. एकदा त्यातलं एक थेट साइटवर पोचलं. फोरमनचा फोन आला, "साब, ये पत्थरवाला पार्ट छत के ऊपर लगाना है या नीचे?"

त्यांनी पहिलं बनवलं ते पोटधनुष्य. दांड्याचं एक टोक पोटाला लावायचं, दुसरं भिंतीला टेकवायचं आणि अंगाचा भार टाकून दोरी ताणायची. "जावईबापू, सडपातळ माणसाचं हे काम नाही," असं म्हणत मामांनी स्वतःच्या पोटावर अभिमानानं थाप मारली. बर दुबई भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी असा रेटा दिला की पलीकडच्या मल्याळी कुटुंबाचं घड्याळ भिंतीवरून खाली आलं. सळईचा बाण सुटला तो मामींच्या कणकेच्या परातीत. मामींनी तो उपटून धुतला आणि पुढे कित्येक दिवस त्यावर भरताची वांगी भाजली.

मग मामा दगडफेकीकडे वळले. टेबलाएवढं यंत्र, त्यात दोरीचा घट्ट पीळ आणि पिळात अडकवलेला दांडा. ग्रीक लोक हा पीळ जनावरांच्या स्नायुबंधांचा नाहीतर केसांचा करत. मामांनी नायलॉनचा केला, पण नजर राहून राहून मामींच्या गुडघ्यापर्यंतच्या शेपट्यावर जाई.

"तुझ्या केसांत किती ताकद आहे, तुला कल्पना नाही," ते एकदा म्हणालेच.

"बावीस वर्षं झाली लग्नाला," मामी मला म्हणाल्या. "पहिल्यांदा माझ्या केसांबद्दल बोलले, ते हे!"

एका शुक्रवारी आम्ही चौघं यंत्र घेऊन शारजाच्या वाळूत गेलो. मामा दगडाऐवजी खरबूज ठेवतात तोच पोलिसांची जीप आली. "ये क्या है?" पोलिसानं विचारलं. "यूनानी तोप, सर!" मामा म्हणाले. तोप म्हटल्यावर आम्हा तिघांना घाम फुटला. पोलिसानं मात्र यंत्राला प्रदक्षिणा घातली आणि हौसेनं खटका स्वतःच ओढला. नायलॉन सैलावलं होतं. खरबूज त्याच्या बुटावर पडलं.

"खलास?" त्यानं विचारलं.

 आठवडाभर मामांनी पुस्तक उघडलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मामींनी आम्हाला बोलावून घेतलं. मामी खाली आल्या तेव्हा त्यांचे केस मानेपर्यंत होते आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेपटा. मामा बघतच राहिले.

"वाढतील परत," मामी म्हणाल्या. "पण तो पोलीस खलास म्हणाला ना, ते मला नाही आवडलं. चला, यल्ला!"

त्या दिवशी केसांचा पीळ भरल्यावर खरबूज आमच्या गाडीवरून उडून पलीकडच्या टेकडीमागे गेलं. मी ओरडलो, बायकोनं टाळ्या पिटल्या. मामांनी ते कुठं पडलं ते पाहिलंच नाही. ते मामींच्या उघड्या मानेकडे बघत होते. "अगं..." एवढंच म्हणाले.

पुढे नोकरी संपवून दोघं साताऱ्याला परतली. मी फोनवर विचारलं, "मामा, सध्या नवीन काय बनवताय?"

"काही नाही हो. सकाळी दोघं नदीपर्यंत चालत जातो," ते म्हणाले. "ती जरा हळू चालते आताशा. म्हणून मीही."