उल्हासच्या वायफायचं कुलूप

किस्से शोधायला जावं लागत नाही. गोव्यात हरमलला उल्हासच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, चहात उंडो पाव बुडवत बसावं, ते आपणच पायाशी येतात. तो पर्यटकांना खोल्या भाड्यानं देतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून सल्लागार मी.

*

शेजारचा शॅकवाला, म्हणजे किनाऱ्यावर झापाची खानावळ चालवणारा, बाबनी उल्हासचं वायफाय फुकट वापरायचा. उल्हास पासवर्ड बदलायचा आणि बायको सुषमा नवा पासवर्ड कुंपणावरून सांगायची. "ताक मागितलं तर देते, मग ह्याला नाही कसं म्हणू?"

शेवटी उल्हासनं कुलूपच घातलं. प्रत्येक यंत्राच्या पोटात नेटवर्कचा एक पत्ता असतो, आकड्या-अक्षरांचा. तो राउटरमध्ये घातला तरच नेट. घाई का, तर मुलगी मनाली वास्कोच्या एका शिपिंग कंपनीसाठी घरून ऑनलाइन मुलाखत देणार होती. नेमकं तेव्हाच बाबनीची गिऱ्हाइकं सिनेमा बघत बसली तर नोकरी गेली!

*

पहिला पाहुणा विंडोजवाला. त्यानं काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं, तर पत्त्यांची रांगच लागली. उल्हासनं पहिला दिसला तो घातला. तो ब्लूटूथचा निघाला. मी म्हटलं, "अरे, पोस्टमन पत्र घरमालकाला देतो की दारातल्या कुत्र्याला?"

*

मग ॲपलवाली बाई. ऑप्शनचं बटण दाबून धरायचं, वायफायच्या खुणेवर क्लिक करायचं, पत्ता दिसतो. मी उल्हासच्या कानात सांगितलं, "श्वासही धरावा लागतो." त्यानं धरला. पत्ता दिसला. अजून तो प्रत्येक ॲपलपुढे गाल फुगवून बसतो.

*

लिनक्सवाल्या दाढीवाल्यानं "आयपी लिंक" एवढंच लिहिलं, पत्ता हजर. उल्हासचा विश्वास बसेना. "इतक्यात झालं? परत कर बघू."

*

फोनची जात लबाड. नेटपुढे खोटा पत्ता सांगतो आणि मधूनच तोही बदलतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याला खरं बोलायला लावावं लागतं. उल्हासनं पाहुण्यांचे सगळे फोन सुधारले. स्वतःचा राहिला.

*

मुलाखतीच्या सकाळी मनाली हॉस्टेलवरून घरी आली. तिच्या लॅपटॉपचा पत्ता कुणी घातलाच नव्हता. उल्हास फोनवरून राउटर उघडायला गेला, तर फोननं पत्ता बदललेला. मालकच कुलपाबाहेर! वायर जोडावी तर लॅपटॉपला भोक नाही. मोबाइलची रेंज माडावर चढल्याशिवाय नाही. पाहुणे सगळे समुद्रावर.

"पप्पा, वेळ झाली," मनाली रडकुंडीला आली.

सुषमा म्हणाली, "बाबनीकडे जाऊन बस. त्याचं चालतं."

"कसं चालतं?" उल्हास.

"तीन नंबरच्या खोलीतल्या पाहुण्याचा म्हणून मी पत्ता दिला ना तुम्हाला? तो बाबनीच्या लॅपटॉपचा. मागितलं त्यानं. नाही कसं म्हणू?"

मनाली पळाली. बाबनीनं आपला लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, मिक्सर बंद केला, गाणी बंद केली आणि ओठांवर बोट ठेवून गिऱ्हाइकांना मासळी वाढली. तासाभरानं पोरगी हसत बाहेर आली. नोकरी लागली होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

उल्हास कुंपणापाशी घुटमळला. मग म्हणाला, "बाबनी, नेट बरा चालता मरे?"

"चालता," बाबनी म्हणाला. "तुका होया? फोनाचो पत्तो सांग, बघूया काय जमता ता."